पहिल्याच दिवशी फरक दिसला, तर तो पाण्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. गेले सहा-सात महिने रोज रात्री एक अँटी-एजिंग क्रीम नेमाने लावलं जातंय. पहिल्या आठवड्यातच चेहरा तुकतुकीत दिसू लागला, डोळ्यांखालच्या बारीक रेघा पुसट झाल्या. पण पुढे काहीच नाही. चार दिवस क्रीम चुकलं की चेहरा पुन्हा होता तसा. मैत्रीण म्हणाली, 'हे नुसतं मॉइश्चरायझर आहे, रेटिनॉल आण.' रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, आणलं, तर तिसऱ्या दिवशी गाल चुरचुरायला लागले आणि नाकाच्या बाजूने सालं निघाली. मग दोन्हींत नेमका फरक काय, आणि लावायचं काय?

मैत्रिणीचं निदान बरोबर आहे. लावताच दिसतो आणि सोडताच जातो, असा फरक जवळजवळ नेहमी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातलं पाणी वाढल्याचा असतो. त्वचेची जडणघडण बदलणारी औषधं अगदी उलट वागतात. सुरुवातीचे काही आठवडे काहीच दिसत नाही, किंवा चेहरा आधी होता त्यापेक्षा बिघडल्यासारखा वाटतो. खरा फरक तीन-चार महिन्यांनी जाणवू लागतो, पण एकदा आला की दोन-चार दिवस डबी बंद राहिली म्हणून नाहीसा होत नाही. डबीवर काय छापलंय त्यापेक्षा हे वेळेचं गणित जास्त खरं बोलतं. दवाखान्यात कुणी 'एका रात्रीत सुरकुत्या गेल्या' असं आनंदाने सांगतं, तेव्हा तेवढ्यावरून कळतं की क्रीममध्ये ग्लिसरीन चांगलं आहे.

आता असं का होतं ते पाहू.

आपण चेहऱ्याला हात लावतो तेव्हा ज्याला स्पर्श होतो तो मृत पेशींचा एक थर असतो. चेहऱ्यावर आणि अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी फक्त १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे साध्या कागदापेक्षाही बरीच कमी. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या फटींत भरलेली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड ही स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. आतलं पाणी सतत वाफेच्या रूपाने बाहेर पडत असतं. त्याला अडवायचं काम ही भिंत करते. पेशींच्या आतही अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्ल असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. कडक साबण, गरम पाणी, कोरडी हवा, वाढतं वय यांपैकी कशानेही चुना कमी झाला किंवा आतलं पाणी धरणारं द्रव्य धुऊन गेलं, की पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि त्वचा खरखरीत, ओढल्यासारखी वाटते.

आपल्याला वाटतं, त्वचा कोरडी पडली म्हणजे तेल कमी पडलं. आयर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने १९५२ मध्ये हा समज एका साध्या प्रयोगाने मोडला. त्याने घट्टे पडलेल्या जाड कातडीचे वाळलेले, कडक तुकडे घेतले. ते तेलात ठेवले, तर कडकच राहिले. पाणी मिळालं, तेव्हा मऊ झाले. म्हणजे मऊपणा आणतं ते पाणी. तेलाचं काम ते पाणी उडू न देणं. मॉइश्चरायझरची अख्खी कारागिरी या दोन वाक्यांत येते.

म्हणून बाजारातलं कुठलंही मॉइश्चरायझर घ्या, त्यात तीन प्रकारचे घटक कमीअधिक प्रमाणात सापडतात. पाणी ओढून धरणारे: ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, युरिया, सॉर्बिटॉल, पॅन्थेनॉल. वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, मेण, डायमेथिकोन. आणि उचललेल्या कडांमधल्या फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करणारे: स्क्वालेन, निरनिराळी एस्टर, फॅटी अल्कोहोल, सिरॅमाइड. माझं वैयक्तिक मत विचाराल तर या सगळ्यांत ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली यांना जितका मान मिळायला हवा तितका मिळत नाही, कारण दोन्ही जुनी आणि स्वस्त. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ सालचं आहे आणि पाण्याची वाफ अडवण्यात तिला आजही तोड नाही. ती नुसती वर बसते असंही नाही. मृत थरातल्या फटींमध्ये शिरते आणि तिच्या झाकणाखाली भिंतीची दुरुस्ती चालू राहते. हायल्युरॉनिक ॲसिडचा गाजावाजा खूप आहे. ते वाईट नाही, पण त्याचे मोठे रेणू वरच बसतात आणि पाणी धरतात, एवढंच. 'आतून भरून काढतं' म्हणतात ते इंजेक्शनने दिलेल्या हायल्युरॉनिक ॲसिडबद्दल खरं आहे, बाटलीतल्या सीरमबद्दल नाही.

युरियाचं उदाहरण मला आवडतं, कारण मात्रा बदलली की पदार्थाचं काम कसं बदलतं ते त्यात स्वच्छ दिसतं. पाच-दहा टक्क्यांपर्यंत तो पाणी धरून ठेवतो. २० ते ४० टक्क्यांवर गेला की मृत थर विरघळवू लागतो, म्हणून भेगाळलेल्या टाचांसाठी वापरतात. चेहऱ्यावर तो मारा कुणी करू नये.

यावरून मॉइश्चरायझर म्हणजे दुय्यम प्रकार, असा अर्थ काढू नका. मृत थरात पाणी भरलं की तो किंचित फुगतो, बारीक रेघा भरून निघतात, पृष्ठभाग सपाट झाल्यामुळे प्रकाश सरळ परततो आणि चेहरा उजळ दिसतो. ही फसवणूक नाही. रेघा खरोखरच कमी खोल झालेल्या असतात, फक्त काही तासांपुरत्या. शिवाय खाज थांबते, साबणाचा त्रास कमी होतो, आणि पुढे औषध लावायचं झालं तर त्वचा ते सोसते. कित्येकांच्या चेहऱ्यावरच्या अर्ध्याअधिक 'सुरकुत्या' मुळात कोरडेपणाच्याच असतात. म्हणून चाळिशीतल्या रुग्णाला मी एकदम उपचाराच्या क्रीमकडे नेत नाही. दोन आठवडे सौम्य फेसवॉश आणि साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा, तेही चेहरा किंचित ओला असताना. दोन आठवड्यांनी चेहरा खिडकीकडे तिरका धरून बाजूने येणाऱ्या उजेडात पाहायचा. समोरून दिवा असला की सगळं सपाट दिसतं, त्यावर विसंबू नका. ज्या रेघा गेल्या त्या कोरडेपणाच्या होत्या. ज्या उरल्या, त्यांच्यापर्यंत मॉइश्चरायझर पोहोचतच नाही.

त्या उरलेल्या रेघांचं घर खाली आहे. मृत थराच्या खाली जिवंत पेशींचा थर, आणि त्याखाली डर्मिस. तिथे कोलॅजनचे तंतू त्वचेला बळ देतात आणि इलॅस्टिनचे तंतू ताणल्यावर परत आणतात. वयाबरोबर कोलॅजन दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं आणि पाळी जाताना ही घट वेगाने होते. पण चेहरा, मान आणि हातांच्या पाठी यांचं मोठं नुकसान करतं ते ऊन. मिशिगन विद्यापीठातल्या फिशर आणि व्हूरीस यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की त्वचा लाल होण्याइतकंही ऊन लागायची गरज नसते. त्याहून कमी अतिनील किरणांनीसुद्धा कोलॅजन कापणारी एन्झाइमं त्वचेत तयार होतात. हे रोज होतं, दुरुस्ती रोज थोडी अपुरी राहते आणि बाकी साठत जाते. खात्री करायची तर स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि हाताच्या पाठीची त्वचा शेजारी धरून बघा. वय दोन्हींचं तेवढंच, ऊन वेगळं.

मॉइश्चरायझर आणि 'ॲक्टिव्ह' यांच्यातला खरा फरक इथे आहे. मॉइश्चरायझरचं काम मृत थरात, भौतिक स्वरूपाचं: पाणी धर, वाफ अडव, फट भर. ॲक्टिव्हला जिवंत पेशींपर्यंत पोहोचून तिथलं कामकाज बदलावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडे चार गोष्टी हव्यात: आत शिरण्याइतका लहान रेणू, पुरेशी मात्रा, बाटलीत टिकून राहणारं रूप, आणि पेशीत पकडायला काहीतरी ठिकाण. त्वचेतून आत जायचं तर रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत हवं, असा ढोबळ नियम त्वचातज्ज्ञ मानतात. रेटिनॉल तीनशेच्या खाली आहे. कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात. म्हणून 'कोलॅजन क्रीम' लावून त्वचेतलं कोलॅजन वाढत नाही; ते वरच्या वर चांगलं पाणी धरतं आणि सकाळी धुऊन जातं. घ्यायचं तर मॉइश्चरायझर म्हणून खुशाल घ्या.

ॲक्टिव्हमध्ये सर्वांत भक्कम पुरावा आहे तो रेटिनॉइड गटाचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुटुंबाचा. त्यातलं ट्रेटिनॉइन १९७१ पासून मुरुमांसाठी वापरात आलं. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या काही प्रौढ रुग्णांच्या त्वचेचा पोत आणि रेघाही सुधारतात असं अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं; त्यांच्या गटाने १९८६ मध्ये ते मांडलं आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी ते अधिकृतपणे मंजूर झालं. ते पेशीच्या केंद्रकातल्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं आणि कुठली जनुकं चालू राहावीत हे बदलतं. कोलॅजन कापणारी एन्झाइमं कमी होतात, नवं कोलॅजन वाढतं, वरचा जिवंत थर जाड होतो, रंगद्रव्य विखुरतं.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर एका गटाला ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि दुसऱ्या गटाला औषधाशिवायचं तेच क्रीम दिलं गेलं. १० ते १२ महिन्यांनी त्वचेचे तुकडे तपासले. ट्रेटिनॉइनच्या गटात नव्या कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली होती. नुसत्या क्रीमच्या गटात ती १४ टक्क्यांनी घटली होती. जवळजवळ वर्षभर नेमाने क्रीम लावूनही! त्या दुसऱ्या गटाचा चेहरा लावल्यावर मऊ लागत असणारच. पण खाली घसरण चालूच होती.

'हे महागडं प्रकरण तरुणपणीच करायचं, आता काय उपयोग?' असं म्हणणाऱ्यांसाठी २००७ सालचा आणखी एक अभ्यास. त्यातल्या लोकांचं सरासरी वय ८७ होतं. एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉल असलेलं लोशन, दुसऱ्या दंडावर रेटिनॉल नसलेलं तेच लोशन, आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या. एकाच माणसाचे दोन हात, फरक फक्त एका रेणूचा. मॉइश्चरायझर आणि ॲक्टिव्ह यांची याहून स्वच्छ तुलना मला माहीत नाही.

दुकानात मिळणारं रेटिनॉल मात्र थेट काम करत नाही. त्वचेत त्याचं आधी रेटिनाल होतं आणि मग रेटिनॉइक ॲसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन. प्रत्येक पायरीवर गळती. रेटिनिल पाल्मिटेट आणखी एक पायरी मागे, म्हणून सर्वांत सौम्य आणि सर्वांत दुबळं. लेबलवर 'अ जीवनसत्त्वयुक्त' असं लिहिलं असेल तर यांपैकी कोणतं, ते बघा. रेटिनाल, म्हणजे रेटिनाल्डिहाइड, रेटिनॉलच्या एक पायरी पुढे असल्यामुळे तुलनेने जोरकस. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली. तेव्हा '१ टक्का' लिहिलेली बाटली पाहून हुरळून जायचं कारण नाही. जास्त मात्रेने जास्त सुरकुत्या जातात असंही नाही. ट्रेटिनॉइनचीच ०.१ आणि ०.०२५ टक्के अशी तुलना १९९५ मध्ये झाली. ४८ आठवड्यांनी फायदा जवळपास सारखाच, त्रास मात्र जास्त मात्रेत जवळजवळ तिप्पट.

आता तुमच्या सालांबद्दल. ती ॲलर्जी असण्याची शक्यता कमी आहे. रेटिनॉइडमुळे पेशींची ये-जा वेगाने होते आणि मृत थर काही काळ पातळ आणि गळका होतो. त्वचेला सवय व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. बहुतेक लोक नेमके याच काळात सोडून देतात. पण 'चुरचुरतंय म्हणजे काम करतंय' हेही खरं नाही. वरच्या तुलनेत दिसलंच की त्रास आणि फायदा हातात हात घालून चालत नाहीत. विशेषतः सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत दाह झाला की मागे काळे डाग राहतात आणि ते महिनोनमहिने जात नाहीत. सुरकुती घालवायला जाऊन डाग पदरात पडले तर तो सौदा वाईट. म्हणून आपल्या त्वचेच्या बाबतीत घाई सर्वांत महागात पडते.

तर तूर्त रेटिनॉल थांबवा आणि त्वचा शांत होईपर्यंत फक्त मॉइश्चरायझर लावा. साधारण आठ-दहा दिवस लागतील. मग आठवड्यातून दोन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त टोचतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, त्यावर संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं रेटिनॉल, आणि हवं तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. ठिपके ठिपके लावून पसरवा, एका जागी चोळू नका. नाकाच्या बाजूच्या घड्या, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडा. औषध तिथे साचतं, म्हणून तुमची सालं तिथूनच निघाली. या घड्यांना आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं तरी चालेल. तीन-चार आठवडे निभावलं तर एक रात्र वाढवा. रोज लावलंच पाहिजे असा नियम नाही. आठवड्यातून तीन रात्री वर्षभर लावलेलं, रोज लावून महिन्यात सोडलेल्यापेक्षा कितीतरी बरं. आणि हे रात्रीच, कारण रेटिनॉइड उजेडात लवकर खराब होतात.

गर्भारपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना रेटिनॉइड लावायचं नाही. इथे 'थोडंसं चालेल' हा हिशेब नको.

बाकीच्या ॲक्टिव्हचं थोडक्यात सांगतो. क जीवनसत्त्व खरं काम करतं, पण फार लहरी. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड या रूपात, १० ते २० टक्के, आणि पीएच ३.५ च्या खाली असेल तरच ते नीट आत जातं. २० च्या वर नेऊन काही हाती लागत नाही. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं आणि मग तपकिरी होतं. तपकिरी झालेली बाटली फेकून द्यायची. पारदर्शक काचेच्या बाटलीत, ड्रॉपरसकट, उजेडाच्या कपाटात ठेवलेलं सीरम विकत घेताना हे आठवा. त्याचं मुख्य काम सकाळी सनस्क्रीनच्या खाली साथ देण्याचं.

ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक ही आम्लं मृत पेशींचा एकमेकींना धरलेला हात सोडवतात. पोत लवकर सुधारतो, रंग एकसारखा दिसतो, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ वापरल्यास खालच्या थरावरही परिणाम होतो. पण यांनी त्वचा उन्हाला हळवी होते आणि तो हळवेपणा बंद केल्यावर आठवडाभर राहू शकतो. घरी वापरायचं तर १० टक्क्यांच्या आत, आणि रेटिनॉलच्या रात्री नाही.

नियासिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप, दोन्ही तंबूंत पाय ठेवून आहे. ते त्वचेला स्वतःचं सिरॅमाइड बनवायला लावतं, म्हणजे मॉइश्चरायझरचंच काम आतून करतं. शिवाय रंगद्रव्य वरच्या पेशींत जाण्याला अडथळा आणतं. ५ टक्क्यांवर १२ आठवड्यांत बारीक रेघा आणि डाग थोडे कमी होतात. परिणाम माफक, पण त्रास जवळजवळ नाही. रेटिनॉल अजिबात न सोसणाऱ्याला मी हेच सुचवतो. पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा, पुरावा तोकडा आणि बराचसा ते विकणाऱ्यांनीच जमवलेला. हौस असेल तर घ्या. वनस्पतींच्या मूलपेशींचे अर्क, सोन्याचे कण वगैरेंवर माझी शाई खर्च करत नाही.

सनस्क्रीनला लोक या यादीत धरतच नाहीत, पण म्हातारपण लांबवण्याचा पुरावा त्याच्यामागे सर्वांत ठोस आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर इथे ५५ पेक्षा कमी वयाच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. साडेचार वर्षांत त्या गटात मोजता येईल अशी वाढच दिसली नाही. काचेआड बसलो म्हणून सुटका नाही: २०१२ मध्ये २८ वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचं छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. खिडकीकडचा गाल जाड, खोल सुरकुत्यांचा. दुसरा गाल त्यापेक्षा बराच तरुण. काच भाजणारी किरणं अडवते, खोल जाणारी यूव्हीए बरीचशी आत सोडते. रात्री रेटिनॉल आणि दिवसा उघडा चेहरा, असं करणाऱ्याने रेटिनॉलचे पैसे वाचवावेत. सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. लोक साधारण त्याच्या निम्मंच लावतात.

तुमची डबी यांत कुठे बसते, हे मागची घटकयादी सांगेल. समजा यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक ट्रायग्लिसराइड, सिटेरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, शिया बटर, फिनॉक्सीएथेनॉल, कार्बोमर, सुगंध, टोकोफेरॉल, रेटिनिल पाल्मिटेट, पेप्टाइड. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फक्त १ टक्क्याच्या खालचे कसेही लिहिता येतात. फिनॉक्सीएथेनॉल हे परिरक्षक सहसा १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. तेव्हा त्याच्या मागे जे काही आहे ते १ टक्का किंवा त्याहून कमी. या यादीतले पहिले सहा घटक म्हणजे एक उत्तम मॉइश्चरायझर. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ज्यांची जाहिरात आहे ते दोघं शेपटाला. इथे एक सावधगिरी: नियासिनामाइड, क जीवनसत्त्व किंवा ग्लायकॉलिक ॲसिड त्या रेषेच्या मागे असेल तर ते नावापुरतंच. रेटिनॉलचं तसं नाही, ते ०.१ ते ०.३ टक्क्यांवरही काम करतं, त्यामुळे त्याची जागा मागे असणारच. त्याच्यासाठी टक्केवारी छापलेली आहे का आणि ट्यूब हवाबंद, अपारदर्शक आहे का, ते बघायचं. रुंद तोंडाच्या डबीत रोज बोट घालून काढायचं रेटिनॉल काही आठवड्यांत किती उरतं, याची मला शंका असते.

समोरच्या बाजूची भाषाही वकिलाने तपासलेली असते. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार रूप खुलवतं ते प्रसाधन, आणि शरीराची रचना किंवा कार्य बदलतं ते औषध. औषध म्हटलं की मंजुरीआधी पुरावा द्यावा लागतो. म्हणून डब्यांवर 'सुरकुत्या कमी करते' असं न लिहिता 'सुरकुत्या कमी दिसतात' असं लिहितात. शब्दशः ते खरंच असतं. ग्लिसरीननेही त्या कमी दिसतात.

काही गोष्टी मात्र मॉइश्चरायझरच्याही आवाक्यात नाहीत आणि ॲक्टिव्हच्याही. भुवया उंचावल्यावर किंवा हसल्यावर पडणाऱ्या घड्या स्नायूंमुळे असतात. गाल आणि जबड्याची कड ओघळते ती चरबी आणि हाड यांच्या झिजेमुळे. त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि ते डबीत मिळत नाहीत. डोळ्यांखालची काळी छटा बऱ्याचदा सावलीची किंवा रक्तवाहिन्यांची असते. तिथे वेगळं आय क्रीम घ्यायलाच हवं असंही नाही; चेहऱ्याचं सुगंधविरहित मॉइश्चरायझर हाडाच्या कडेपर्यंत चालतं.

आता तुमच्यापुरतं. सध्याचं क्रीम मानवलंय तर फेकू नका, तेच मॉइश्चरायझर म्हणून चालू ठेवा. संपल्यावर साधं आणलं तरी त्वचेला कळणार नाही. सकाळी मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, यूव्हीएपासूनही संरक्षण देणारं सनस्क्रीन. हे दोन्ही अंगवळणी पडल्यावर रात्रीचं रेटिनॉल वर सांगितलं तसं, कमी मात्रेपासून. तिसरी कुठलीही नवी बाटली पहिले तीन महिने नको, नाहीतर चुरचुरलं तर कशाने चुरचुरलं ते कळणार नाही. सुरू करण्याआधी खिडकीपाशी, बाजूच्या उजेडात, क्रीम न लावता एक फोटो काढून ठेवा आणि पुढचा सहा महिन्यांनी काढा. मधल्या काळात रोज आरशात शोधू नका. सहा महिन्यांनी फरक नसेल तर ट्रेटिनॉइनबद्दल त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. ते स्वतःहून आणून लावायचं औषध नाही.

आणि साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबायला लागलं, गाल सतत लाल राहिले किंवा खाजेबरोबर सूज आली, तर त्याच दिवशी सगळं बंद करून दाखवायला या. तो सवय होण्याचा भाग नसतो. रोझेशिया, सेबोऱ्हिक डर्माटायटिस हे त्वचेचे दाहाचे आजार किंवा सुगंधाची ॲलर्जी अशीच गुपचूप सुरू होते, आणि त्यावर आणखी एक सीरम हा उपाय नाही.